लाभ, दोन, तीन

तारीख चौदा जुलै, वार सोमवार, रक्कम महिन्याला तीनशे रुपये. हजर होतो चौघे: संगणकशास्त्राचे विभागप्रमुख राऊत सर, कार्यालयातले मोठे बाबू, प्रयोगशाळेचे परिचर मधुकरभाऊ आणि मी. कागद एकच होता, तोही अर्धा. त्यावर टाइप केलं होतं की बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या सदर विद्यार्थ्याने प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांना 'विद्यार्थी सहायक' म्हणून साहाय्य करावे. मी सही केली, सरांनी केली, मोठ्या बाबूंनी शिक्का मारला. मधुकरभाऊंची सही कुठंच लागत नव्हती, तरी त्यांनी तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून पुरता वाचला आणि विचारलं, "म्हणजे आता हा पोट्टा मले ऑर्डर देईन काय, सर?" सर म्हणाले, "नाही हो, तुम्हीच त्याला द्या." मधुकरभाऊंचं समाधान झालं. "मंग ठीक हाय," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "पयली ऑर्डर. चपला भायेर."

चपला बाहेर हा त्या प्रयोगशाळेचा मुख्य कायदा होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात देवघर नव्हतं, पण ही चोवीस मशीनची खोली होती. रेक्झिनची खाकी आवरणं, दोन एसी, त्यांतला एक चालणारा, आणि दाराशी लोखंडी रॅक. संगणकाला व्हायरस होतो तो धुळीनंच, असं मधुकरभाऊंचं ठाम मत होतं आणि ते खोडून काढायची राऊत सरांचीही हिंमत नव्हती. माउसच्या पोटातला रबरी गोळा काढून ते दर शनिवारी साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि चोवीसच्या चोवीस गोळे वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. आज माझ्या टेबलावरच्या माउसला गोळा नाही, वायरही नाही. त्यामुळे धुण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

मी मूळचा अकोल्याचा. शहराला लागून आमची अडीच एकर काळी जमीन आणि एक विहीर. बाबा झेंडू आणि शेवंती लावायचे, मधल्या पट्ट्यांत मेथी आणि सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. शिकायला मात्र मी अमरावतीला, मावशीकडे राहिलो. राजापेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक ओटा एवढं तिचं घर होतं. काका एसटीत कंडक्टर. संध्याकाळी ड्यूटी संपवून ते आले की पाय धुवायचे, ओट्यावर बसायचे आणि बोलताबोलता रिकामाच तिकिटाचा पंच वाजवत राहायचे. टक टक, टक टक. हात थांबत नसे. आत मावशीचा खलबत्ता चाले. लसूण, मीठ आणि हिरवी मिरची. त्या दोन आवाजांत मी तीन वर्षं अभ्यास केला. जेवण ठरलेलं असे: ज्वारीची भाकर, ठेचा, फोडणीचं वरण, आंबट चुक्याची भाजी. बुधवारी काकांची सुट्टी, म्हणून पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. त्या रस्स्यानं नाक वाहायला लागलं नाही तर मावशीला स्वयंपाक फसल्यासारखा वाटे.

नेमणुकीचा कागद मी घरी दाखवला तेव्हा मावशीनं विचारलं, "म्हणजे तू मास्तर झाला?"

"मास्तर नाही. मास्तरांच्या हाताखाली."

"मंग आपलं ताट उचलाले काहून जिवावर येते तुले? हाताखालच्या मानसाले सवय पायजे."

काकांनी पंच वाजवला आणि मी ताट उचललं.

पहिल्या वर्षाला चौसष्ट मुलं होती. त्यांच्या तीन तुकड्या: ए आणि बी एकवीस-एकवीस, सी बावीस. सीमध्ये शेवटच्या यादीत प्रवेश मिळालेली, बहुतेक तालुक्याच्या गावांहून आलेली, मराठी माध्यमाची मुलं होती. त्यांची वेळ दुपारी अडीच ते साडेचार. आणि भारनियमन दुपारी अडीच ते पाच. हा योगायोग नव्हता. ए आणि बीच्या वेळा ठरल्यावर उरलेली वेळ सीला आली, इतकंच. कॉलेजचं जनरेटर कार्यालयासाठी आणि परीक्षेसाठी राखलेलं. मी राऊत सरांना विचारलं तेव्हा त्यांनी वेळापत्रक माझ्यापुढे ठेवलं. ते पाहून मलाही दुसरी वेळ सापडली नाही.

"सर, मग ही मुलं प्रात्यक्षिक करणार कशी?"

"जर्नलमध्ये प्रोग्रॅम उतरवून घे. पाठ करतील." मग त्यांनी मनातलं सांगून टाकलं. "हे बघ, बावीसमधले दहा निघाले तरी मला पुष्कळ झालं."

प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे. त्यात जो नापास, त्याला दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही, असा आमच्याकडचा तेव्हाचा नियम. सरांच्या त्या वाक्याचा अर्थ मी घरी जाताना मोजला. बावीस वजा दहा, बारा. बारा जणांचं वर्ष जुलैतच गेलेलं होतं आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. परोपकार वगैरे काही नव्हता त्यात. पण तीनशे रुपये बावीस जणांसाठी घ्यायचे आणि काम दहाचं करायचं, हे माझ्या डोक्यात बसेना.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे अनवाणी, अंधाऱ्या, उकडणाऱ्या खोलीत बंद पडद्यांसमोर बसलो. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "तुमाले सर म्हनू का दादा?" हा सलीम, अचलपूरहून रोज एसटीनं येणारा, उंच आणि तोंडाळ.

"दादा म्हण."

"मंग दादा, हे मशीन बंद हाय का आमीच बंद हाओ?"

बावीसही जण हसले. मीही हसलो आणि सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात काढलं. तिथं निदान उजेड होता.

पुढचे आठ महिने सी तुकडीची प्रयोगशाळा तो व्हरांडा. मशीन नाही तर मशीनच्या पोटात काय चालतं ते हातानं करून बघू, असं मी ठरवलं. संगणकात आकडा ठेवायची जागा म्हणजे एक डबा, हे मी सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या ज्योतीनं आपला जेवणाचा डबा पिशवीतून काढून समोर ठेवला. ती शेंदूरजनाघाटची. घरी संत्र्याची बाग होती, बोलणं मोजकं आणि अक्षर मोत्यासारखं. "असा का, दादा?" असाच. तेव्हापासून रोज दहा डबे भिंतीलगत ओळीनं मांडले जाऊ लागले. आकडे चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि डब्यांत टाकायचे. नवा आकडा टाकायचा तर जुनी चिठ्ठी आधी बाहेर. एकजण प्रोग्रॅमची ओळ वाचणार, दुसरा ती पाळणार, बाकीचे वहीत तक्ता आखून प्रत्येक पायरीला कुठल्या डब्यात काय आहे ते लिहिणार. चिठ्ठ्यांना लोणच्याचं तेल लागे. एकदा सदतीस हा आकडा वांग्याच्या भाजीत बुडाला आणि वाचता आला नाही, तेव्हा सलीमनं जाहीर केलं की मशीन करप्ट झालं.

अडलं ते शून्यापाशी. दहा डब्यांची ओळ असली की सी भाषेत पहिल्या डब्याचा नंबर एक नसतो, शून्य असतो. आज माझी मुलगी हे आठवीतच कुरकुर न करता मान्य करून बसली आहे. तेव्हा मात्र बंड झालं. "डबा तर समोर हाय," सलीम म्हणाला, "त्यात भाकर हाय. त्याले शून्य काहून म्हनाचं?" बरोबर होतं त्याचं. मी दोन दिवस निरनिराळी उदाहरणं दिली आणि दोन्ही दिवस हरलो.

तिसऱ्या दिवशी काकांच्या गावाहून ज्वारीची दोन पोती आली. मावशी ओट्यावर पायली घेऊन बसली आणि मापून कोठीत टाकायला लागली. पायली भरली, उपडी केली आणि म्हणाली, "लाभ." दुसरी भरली, "दोन." तिसरी, "तीन." हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरीही असंच मापतात. पण त्या दिवशी मी अर्धी भाकर हातात धरून थांबलो. विचारलं, "मावशी, पहिलीला एक काहून नाही म्हणत?"

"एक म्हनलं का धान्य एकटं राह्यते," ती म्हणाली. "पयल्या मापाले लाभच म्हनतात. मधात बोलू नको, चुकन मी."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात जाऊन सांगितलं: पहिल्या डब्याला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आणि लाभ म्हणजे कागदावर शून्य.  मग एकवीस तोंडांवर तो उजेड दिसला, ज्यासाठी माणूस शिकवतो. बाविसावा सलीम म्हणाला, "आमच्या इथं बरकत म्हनतात." मी म्हटलं, तू बरकत म्हण. शून्याचं भांडण तिथं मिटलं. त्या आठवड्यात माझी छाती दोन इंच वाढली असेल. मोजली नाही.

दसऱ्याआधी मी बारा दिवस अकोल्याला गेलो. वर्षाचा झेंडू त्याच दिवसांत निघतो आणि बाबांना तोडणीला माणूस लागतो. पहाटे दवात फुलं तोडायची, हाताला काळपट हिरवा रंग चढायचा, तो दिवाळीपर्यंत जात नसे. सी तुकडीची मला काळजी नव्हती. ज्योतीला फळ्यावर मांडायचे बारा प्रोग्रॅमचे प्रश्न लिहून दिले होते आणि ती व्हरांडा चालवणार होती. परत आलो तेव्हा माझ्यापुढे बावीस वह्यांची चळत आली. बारा प्रोग्रॅम, बावीस वह्या, दोनशे चौसष्ट उत्तरं. मी दोन संध्याकाळी बसून सगळी तपासली. दोनशे एकसष्ट बरोबर. मी लाल पेनानं खुणा केल्या आणि आकडा राऊत सरांना सांगितला. सर म्हणाले, "सीमध्ये?" आणि पुन्हा म्हणाले, "सीमध्ये?"

इथं मला कबूल केलं पाहिजे की मी फक्त शेवटची ओळ तपासली. उत्तर बरोबर तर रीत बरोबर, असं धरून चाललो. हिशेबाच्या माणसानं करू नये ती चूक मी केली, आणि ती मला पाच महिने कळली नाही.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा लागली. त्याआधी दोन रविवारी, वीज असताना, सीच्या मुलांना नुसतं टाइप करायला बसवलं होतं. सी तुकडीचा दिवस तिसरा, सकाळी नऊ. जनरेटरला डिझेल भरलेलं, दोन्ही एसी दुरुस्त केलेले, दाराशी बावीस जोड चपला. पहिला तास प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, परीक्षकांना दाखवायचा, मग मशीनवर चालवायचा. बाहेरच्या परीक्षक मॅडम अकोल्याहून आल्या होत्या. पन्नाशीच्या, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि आवाज असा की त्यांनी 'बसा' म्हटल्यावर राऊत सरही बसले. प्रश्न सोपा होता: दहा संख्या घ्या, ओळीनं साठवा आणि त्यांतली सर्वांत मोठी शोधा. मी हजेरीची यादी घेऊन दाराशी उभा होतो. मुलं भराभर लिहीत होती. एकानंही छताकडे पाहिलं नाही. मला आनंद झाला.

तास संपला. मॅडम कागद पाहू लागल्या. पहिला पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा पाहिला, पहिल्याशेजारी ठेवला. मग पत्ते मांडावेत तसे त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि पेनचं टोपण लावून टाकलं.

"राऊत सर, इकडे या. बावीसपैकी एकोणीस कागद. पहिली संख्या शून्य नंबरच्या जागेत. दुसरी थेट दोन नंबरच्या. एक नंबरची जागा कुणीच वापरलेली नाही. एकोणीस जणांनी!"

सर वाकले. "अं... हो."

"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी येत नाही. ही सामूहिक कॉपी आहे. मी विद्यापीठाला अहवाल लिहिते. सगळ्या तुकडीचा निकाल राखून ठेवा."

 ज्योतीनं दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि ती स्वतःच्या कागदाकडे लांबून बघत होती. मी टेबलापाशी गेलो. तसं जायचा मला अधिकार नव्हता. वरच्याच कागदावर नजर टाकली. शून्य, दोन, तीन, चार, थेट दहापर्यंत. लाभ, दोन, तीन. मावशी पायली मापते तसं. लाभानंतर दोनच येतात. लाभ हा पहिल्या मापाचा मान असतो, मोजणी त्यानं मागे सरकत नाही. मी मात्र लाभाला शून्य केलं आणि दोनाला एक करायला सांगायचं राहून गेलं. फळ्यावर मी बरोबर लिहीत असे, तोंडानं ती मुलं घरचंच म्हणत. मी बारा दिवस नव्हतो तेव्हा जे तोंडात होतं ते वहीत उतरलं. मोजलेले डबे दहाच भरत होते, भरताना जो वगळला तो शोधतानाही वगळला जाई, म्हणून उत्तर दर वेळी बरोबर आलं. उरलेल्या तिघांची वर्षभरात नातेवाइकांच्या मशीनवर प्रॅक्टिस झाली होती, तेवढे वाचले.

"मॅडम, ही कॉपी नाही," मी म्हटलं. "ही माझी चूक आहे."

"आपण कोण?"

"विद्यार्थी सहायक."

"म्हणजे शिक्षक?"

"नाही. तिसऱ्या वर्षाला आहे."

मॅडमनी राऊत सरांकडे पाहिलं. सरांनी एसीकडे पाहिलं. मी ज्वारी, पायली, डबे, सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "गोष्ट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मघाशी सुचली का?"

मग त्यांनी नजर फिरवली आणि बोट केलं. "तू. उंच. पुढे ये. तुझ्या शेतात दहा पायल्या गहू झाला. मोज."

सलीमला काय चाललंय ते धड कळलं नव्हतं. तो उभा राहिला, हात पायली धरल्यासारखे केले आणि मोजू लागला. "बरकत, दोन, तीन, चार..."

"थांब. बरकत? हे तर लाभ म्हणाले."

"ते थ्यायच्या घरी, मॅडम. आमच्या इथं बरकत. पन दोन सगळ्याईचे सारखेच असतात."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कॉपी केली असती तर त्याच्या तोंडी दुसराच शब्द आला नसता, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि एकदम आमच्याच बोलीत म्हणाल्या, "माह्यं माहेर नांदगाव खंडेश्वर. माह्यी मायही लाभच म्हनते." मग आवाज पुन्हा जागेवर. "कॉपी नाही, हे मी मान्य करते. पण चुकीला मी मार्क देत नाही. या एकोणीस जणांना नवा प्रश्न. चाळीस मिनिटं, मशीनवर. कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि तुम्ही," हे मला, "बाहेर. दार लावून."

मी बाहेर येऊन चपलांच्या रॅकशेजारी बसलो. मधुकरभाऊ तिथंच स्टुलावर होते. दाराला काचेची एक उभी पट्टी होती, तिच्यातून आतलं बहुतेक सगळं दिसे. नवा प्रश्न होता दहा संख्यांची सरासरी काढायचा, आणि कागदावर लिहिलेला साठवायचा भाग तसाच ठेवून पुढचं करायचं. मी तो दाराआडून ऐकताच समजलो. संख्या भरताना ती मुलं एक नंबरचा डबा सोडणार होती, बेरजेत मात्र तो येणार होता, कारण बेरजेची ओळ मी शून्यापासून सलग पाठ करून घेतली होती. रिकाम्या डब्यात मशीन काय वाटेल तो कचरा ठेवतं. सरासरी येणार होती ती भलतीच.

आणि तशीच आली. पंधरा मिनिटांनी आतून कुणीतरी "अरे बाप!" म्हटलं आणि मॅडमचा "शांत" ऐकू आला. दहा लहान लहान आकड्यांची सरासरी एका पडद्यावर हजारांत होती, ती मला काचेतून, एवढ्या लांबूनही दिसली. ए तुकडीच्या परीक्षेत असं झालं तेव्हा मुलांनी घाईघाईत एकेक ओळ बदलून बटण दाबत बसण्यात वेळ घालवला होता. मी तेच होणार म्हणून डोळे मिटले.

"काहून रडून राह्यला बे?" मधुकरभाऊ म्हणाले.

"रडत नाही. संपलं सगळं."

"मशीनचा आवाज थांबला ना, म्हनून म्हनतो. बटना वाजून नाई राह्यल्या. पाय तं, करून काय राह्यले ते."

मी उठून काचेला नाक लावलं. एकोणीस जण पडद्यांकडे पाठ फिरवल्यासारखे मांडीवरच्या कच्च्या कागदावर वाकले होते. तक्ते आखत होते. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वर डब्यांचे नंबर, खाली आकडे, पायरीपायरीनं. आठ महिने व्हरांड्यात जे केलं तेच. त्यांना दुसरं येतच नव्हतं. मशीन चुकलं तर मशीनशी झटापट करायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. वीजच नव्हती. ज्योतीची पेन्सिल एका जागी थांबली. तिनं त्या रिकाम्या चौकोनाभोवती गोल काढला, मान वर केली, मशीनकडे वळली आणि दोनाच्या जागी एक टाइप केला. शेवटचा दहा खोडून नऊ केला. तिच्यामागे दुसरा वळला. मग तिसरा. कुणी कुणाकडे पाहिलेलं नव्हतं. बटणांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू साऱ्या खोलीभर झाला. इतक्या वर्षांत मी पुष्कळ आवाज ऐकले. त्याच्याएवढा गोड दुसरा ऐकला नाही. मी मधुकरभाऊंचा हात इतका जोरात धरला की त्यांनी मला स्पष्ट शब्दांत तो सोडायला सांगितला.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. सलीम सगळ्यांत आधी आला, चपला शोधताशोधता म्हणाला, "दादा, डबा नंबर एक खालीच राह्यला होता ना? सांगाचं नाई का बे आदी!" आयुष्यात त्यानं मला 'बे' एकदाच म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं. हक्क होता त्याचा.

एकोणिसांपैकी सतरा जणांची सरासरी बरोबर आली. दोघांचं थोडं अर्धवट राहिलं, पण चूक कुठं आहे ते त्यांनी तोंडी सांगितलं, आणि मॅडमनी त्यांना पासापुरते मार्क दिले. आधीचे तिघे धरून बावीसच्या बावीस पास. ए तुकडीत तीन नापास होते, बीमध्ये दोन. राऊत सरांनी हे आकडे पेन्सिलीनं लिहिले, खोडले, पुन्हा मांडले, आणि शेवटी शाईनं लिहिले.

निघताना मॅडमनी मला बोलावलं. "उत्तरं तपासत होतात ना तुम्ही वर्षभर? फक्त शेवटची ओळ?"

"हो."

"मधल्या ओळी वाचत जा. माणूस मधल्या ओळीत असतो." मग राऊत सरांना म्हणाल्या, "मी तीन दिवसांत चौसष्ट मुलं पाहिली. चुकलेला प्रोग्रॅम हातानं दुरुस्त करता आला तो या एकाच तुकडीला. पुढच्या वर्षी यांना सकाळची वेळ द्या. वीज असतानाची." सर हो म्हणाले. आणि मी हे मुद्दाम नोंदवतो की त्यांनी शब्द पाळला. जूनच्या वेळापत्रकात हीच तुकडी दुसऱ्या वर्षाला सकाळी आठला होती.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा मावशी हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे माह्या मापानं पोट्टे नापास होऊन राह्यले होते?"

"नाही, मावशी. मी अर्धंच ऐकलं म्हणून."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. त्या दिवशी बुधवार नव्हता, तरी पातोडीचा रस्सा झाला. काका म्हणाले, तिकिटाच्या गठ्ठ्यात पहिलं तिकीट एक नंबरचंच असतं, तुमचं मशीन बावळट आहे. मी वाद घातला नाही. नाक वाहत होतं.

मधली वीस-बावीस वर्षं मी अकोल्यात एका कार्यालयाच्या संगणक विभागात काढली. हाताखाली नवी मुलं येतात. त्यांची उत्तरं मी शेवटी पाहतो. आधी मधल्या ओळी वाचतो, त्यांना त्याचा कंटाळा येतो, आणि मला त्याची पर्वा नाही.

त्या वर्षीचा निकाल लागल्यावर दुसऱ्या वर्षाचे प्रवेश जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले. माझं शेवटचं वर्ष संपलं होतं. कॉलेजात मी फक्त दाखला घ्यायला गेलो होतो. कार्यालयाच्या खिडकीशी रांग दिसली. सगळ्यात पुढे ज्योती, तिच्यामागे आणखी एकवीस जण, सलीम मधेच घुसण्याच्या प्रयत्नात. ते ठरवून एकाच दिवशी आले होते. दाखला बाजूला ठेवून मी खिडकीशेजारच्या खांबाला टेकून उभा राहिलो. सवलत असो की नसो, प्रयोगशाळेची फी सगळ्यांना सारखी होती, साडेतीनशे रुपये. कॅशियरनं एकेक पावती फाडली. सव्वातास लागला. एकूण सात हजार सातशे रुपये, कॉलेजच्या कॅशियरला, रोख, बावीस जणांकडून. एकही पावती कमी नव्हती.